पार्ल्याच्या फ्रिजमधल्या बाटल्या

पहिला दिवस, २२ जानेवारी

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलो आणि लोकलने पार्ल्याला आक्काच्या घरी पोहोचलो, तेव्हा माझ्या पिशवीत तासगावचा दोन किलो बेदाणा, आईने कुटून दिलेली शेंगदाण्याची चटणी, एक कोरी वही आणि दुधाचे तापमान पाहायचा काचेचा थर्मामीटर इतकेच सामान होते. वही आणि थर्मामीटर कशासाठी आणला, हे आक्काला सांगताना मला थोडा संकोच वाटला. आमच्या घरात तीन पिढ्या द्राक्षे पिकत आली असली, तरी द्राक्षाची वाईन घरात आणणारा मी पहिलाच आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर, पाच वर्षांपूर्वी, मला या पेयाची ओढ लागली. पंधरा दिवसांतून एक बाटली, तीही साधारण हजार रुपयांच्या आसपासची, एवढीच माझी मजल. सांगलीत निवडीला फारसा वाव मिळत नाही आणि एकट्याने पिताना बरोबर काय खावे हेही उमगत नाही. म्हणून सहा दिवस मुंबईत राहायचे, आक्काच्या हातच्या जेवणाबरोबर परवडणाऱ्या लाल आणि पांढऱ्या वाईन चाखायच्या आणि जे जाणवेल ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे, असे ठरवून मी निघालो होतो.

संध्याकाळी भाच्याला घेऊन खरेदीला बाहेर पडलो. मुंबईत दर दोन गल्ल्यांआड एखाद्या दुकानावर ‘वाइन्स’ अशी पाटी दिसते, पण आत भिंतभर व्हिस्की आणि रम असते, फ्रिजमध्ये बिअर असते आणि वाईनला कोपऱ्यातली एखादी फळी मिळते. पहिल्या दुकानात तर वाईनच्या बाटल्या रस्त्याकडेच्या काचेच्या कपाटात उभ्या होत्या आणि पश्चिमेचे ऊन थेट त्यांच्यावर पडत होते. मी एका बाटलीला हात लावून पाहिला, तर काच चक्क कोमट होती. तिथून एक कॅबरने-शिराझ ही लाल वाईन मी मुद्दाम घेतली, कारण उन्हात उभ्या राहिलेल्या वाईनचे काय होते ते मला एकदा स्वतः चाखून पाहायचे होते. बाकीच्या बाटल्यांसाठी आम्ही तीन दुकाने हिंडलो. चौथ्या दुकानात वाईनसाठी वेगळे शीतकपाट होते आणि विक्रेत्याला कोणती पेटी कधी आली ते तोंडपाठ होते. तिथे सुला कंपनीची शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दोन पांढऱ्या, फ्रातेल्ली कंपनीची सांजोवेसे आणि एक साधी शिराझ या दोन लाल, अशा चार बाटल्या घेतल्या. निवडताना मी किमतीखालोखाल पाहिले ते लेबलावरचे हंगामाचे वर्ष. या किमतीची पांढरी वाईन मुरवण्यासाठी केलेली नसते. ती हंगामानंतरच्या दीड-दोन वर्षांत प्यायलेली बरी, असा माझा अनुभव आहे.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. दाजींकडे आजन्म परवाना आहे, आणि मीही माझा सांगलीहून काढून आणला होता. दुकानातून परतताना भाच्याने २०२२ च्या जानेवारीतल्या निर्णयाची आठवण काढली. राज्य मंत्रिमंडळाने तेव्हा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचे ठरवले होते, त्यावर मोठे वादळ उठले आणि निर्णय कागदावरच राहिला. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. पण बाटली कोणत्या तापमानात ठेवली जाणार, हा साधा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

रात्री जेवणाआधी आक्काने अळूवड्या तळल्या आणि मी शेनिन ब्लाँ उघडली. हे मूळचे फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातले द्राक्ष. नाशिकला गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी सुलाची सुरुवात केली, तेव्हा लावलेल्या पहिल्या वाणांत शेनिन आणि सोव्हिन्यों हे दोन्ही होते, आणि २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. फ्रिजमधून काढल्या काढल्या थर्मामीटर सहा अंश दाखवत होता आणि ग्लासात वास म्हणून काहीच नव्हता. दहा-बारा मिनिटांनी पारा दहावर आला आणि वास मोकळा झाला. आक्का पीत नाही, पण तिचे नाक आमच्या घरात सर्वांत तिखट. ती ग्लास नाकाशी धरून म्हणाली, “पेरू आहे रे, पाडाला आलेला. आणि मागून अननस.” मी वहीत तसेच लिहिले. परदेशी पुस्तकांत या वासांसाठी जी फळे सांगितलेली असतात, त्यांतली निम्मी मी कधी पाहिलेली नाहीत. पाडाचा पेरू मात्र मला डोळे मिटूनही ओळखता येतो.

या शेनिनला किंचित गोडवा आहे. कोरड्या, म्हणजे गोडी नसलेल्या वाईनची सवय झालेले लोक या गोडव्याला नाके मुरडतात, पण अळूवडीतली चिंच, गूळ आणि तिखट यांच्याशी तिचे छान जमले. तिखटाची आग अल्कोहोलने वाढते आणि थोड्याशा साखरेने निवते, आणि ही गोष्ट जिभेवर स्पष्ट कळत होती. झोपण्यापूर्वी वडिलांचा फोन आला. त्यांनी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आयुष्यातली साठ द्राक्षांच्या मांडवाखाली काढली आहेत. त्यांनी एकच विचारले, “त्या द्राक्षाला साखर किती धरतात?” मी म्हणालो, “बावीस ते चोवीस ब्रिक्स,” म्हणजे रसात साधारण शेकडा तेवढी साखर. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “म्हणजे बेदाण्याइतकी. मग मणी बारीक असणार.” त्यांचा अंदाज बरोबर होता. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, सालीला जाड आणि बियांचा असतो.

दुसरा दिवस, २३ जानेवारी

दाजी सकाळी मला माहीमच्या सिटीलाइट बाजारात मासळी घ्यायला घेऊन गेले. ओले बोंबील आणि तिसऱ्या घेतल्या. तिसऱ्या आपटून एकेक शिंपला निवडणाऱ्या कोळीणबाईंनी किती माणसांसाठी हव्यात, असे विचारून त्या मानाने वाटे लावून दिले. घरी आक्काने तिसऱ्यांचे सुके केले, ओले खोबरे आणि कोकम घालून, आणि बोंबील रव्यात घोळून कुरकुरीत तळले.

आज सोव्हिन्यों ब्लाँची पाळी होती. या द्राक्षाच्या वासात हिरवेपणा असतो, आणि तो ज्या द्रव्यामुळे येतो त्याच द्रव्यामुळे ढोबळ्या मिरचीलाही तिचा वास मिळतो. भर उन्हात द्राक्ष पिकले की हा वास उडून जातो. नाशिकच्या पठारावर जानेवारी-फेब्रुवारीत रात्री गार असतात, म्हणून तिथे तो काही प्रमाणात टिकतो. ग्लासात मला आधी मिरचीचा तुटलेला देठ आठवला आणि मग रायआवळा. जिभेवर ती शेनिनपेक्षा कोरडी आणि आंबट लागली. नुसती प्यायलो तेव्हा हा आंबटपणा मला थोडा धारदार वाटला होता, पण तिसऱ्यांचा पहिला घास घेतला आणि तीच वाईन गोल झाली. पदार्थात कोकमाचा आंबटपणा असला की बेताच्या आंबट वाईन पाणचट लागू लागतात. त्याहून आंबट असलेली वाईनच त्याच्यापुढे उभी राहते. लिंबू पिळावे तशी ही वाईन प्रत्येक घासानंतर तोंड स्वच्छ करत होती, आणि दाजी, जे एरवी जेवताना मोजकेच बोलतात, ते दुसऱ्या ग्लासाला म्हणाले, “हे सोलकढीचं काम करतंय.” सहा दिवसांत ऐकलेले सर्वांत नेमके वर्णन मला हेच वाटते.

मग मी शिराझ उघडून तिचा एक घोट बोंबलाबरोबर घेतला. लाल वाईन आणि मासे यांचे जमत नाही, असे वाचले होते आणि ते नुसते शिष्टाचाराचे बंधन असावे, असा माझा समज होता. तो समज एका घोटात गेला. बोंबील तोंडात असतानाच लोखंडी कढईत राहिलेल्या पाण्यासारखी चव जिभेभर पसरली आणि ताज्या माशाला शिळा वास आला. वाईनमध्ये लोहाचा जो अंश असतो, त्याची माशातल्या तेलाशी प्रक्रिया होऊन हा वास उठतो. पांढऱ्या वाईनमध्ये लोह सहसा कमी असते. मी ग्लास बाजूला ठेवला, शिराझचे झाकण घट्ट लावून बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि सोव्हिन्योंकडे परतलो. मुंबईत मासे खाणाऱ्या घरात एकच बाटली घ्यायची असेल, तर ती पांढरी घ्यावी, हे मत त्या दुपारी पक्के झाले.

तिसरा दिवस, २४ जानेवारी

गिरगावात शाळूसोबत्याकडे गेलो. खोताची वाडी ओलांडून त्याच्या चाळीकडे जाताना लाकडी जिन्यांची आणि उघड्या ओट्यांची ती जुनी घरे पाहायला मी थांबलो, त्यामुळे उशीर झाला. मित्राने माझ्या छंदाची बातमी आधीच ऐकली होती. त्याने कपाटातून गोड लाल ‘पोर्ट’ काढली. माझ्या पिढीतल्या अनेक मराठी घरांत वाईनची पहिली ओळख हीच. गोव्याहून येणारा कोणीतरी ती आणी, आणि आजारातून उठलेल्या माणसाला किंवा बाळंतिणीला ‘रक्त वाढते’ म्हणून चमचाभर दिली जाई.

खरी पोर्ट पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यात होते. तिथे रस आंबत असताना मध्येच द्राक्षाची ब्रँडी घालून किण्वन थांबवतात, त्यामुळे मूळची साखर शिल्लक राहते. आपल्याकडच्या स्वस्त बाटल्यांतली गोडी त्या तोलाची नसते. मित्राच्या ग्लासात मला पाकाशिवाय काही सापडले नाही, आणि साखर इतकी असली की द्राक्ष चांगले होते की वाईट, हे कळण्याचा मार्गच बंद होतो. मी त्याला तसे सांगितले. त्याला ते फारसे रुचले नाही, पण त्याने ऐकून घेतले.

नंतर बराच वेळ आम्ही नारायणगावबद्दल बोललो. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे फ्रेंच पद्धतीने फसफसती वाईन करून ती परदेशात नेली होती. ‘ओमर खय्याम’ हे तिचे नाव तेव्हा मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत झळके, आणि नारायणगावची द्राक्षे पॅरिसला जातात, याचे आम्हा कॉलेजातल्या मुलांना भारी अप्रूप होते. ती बाटली विकत घेण्याची आमची तेव्हा ऐपत नव्हती.

चौथा दिवस, २५ जानेवारी

आज मटण होते, आणि या प्रवासातला माझा मुख्य प्रश्न आज सोडवायचा होता. परवडणारी भारतीय लाल वाईन कडक लागते, घशाला टोचते, तिच्यापेक्षा पांढरी बरी, अशी तक्रार मी स्वतः अनेकदा केली आहे. पण दोष वाईनचा किती आणि आपल्या घरातल्या उष्म्याचा किती, हे मी कधी तपासले नव्हते. सकाळीच जाऊन त्याच शिराझची दुसरी बाटली आणली. उद्या २६ जानेवारी, दुकाने बंद राहणार, म्हणून दुकानात गर्दी होती.

पुस्तकांत लिहिलेले असते की लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी. ती खोली म्हणजे युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, सोळा-अठरा अंशांची. आक्काच्या स्वयंपाकघरात भर जानेवारीत दुपारी बारा वाजता थर्मामीटर अठ्ठावीस दाखवत होता. मी शिराझ तीन सारख्या बाटल्यांत ओतून घेतली, एक ओट्यावर ठेवली, एक पहिल्यापासून फ्रिजमध्ये ठेवली आणि एक नंतर ठेवण्यासाठी राखली. मूळ बाटलीचा आकार आणि काचेची जाडी लक्षात घ्यावी, म्हणून तिच्यात तेवढेच पाणी भरून तीही फ्रिजमध्ये ठेवली आणि दर पंधरा मिनिटांनी पारा पाहिला. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, असा सल्ला नेहमी दिला जातो, पण अर्ध्या तासात भरलेल्या बाटलीतले पाणी जेमतेम तेवीसवर आले. सतरावर यायला सव्वा तास लागला. बादलीत बर्फ आणि पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवली, तर हेच काम पंधरा-वीस मिनिटांत होते. नुसत्या बर्फापेक्षा पाणी घातलेला बर्फ लवकर गार करतो, कारण पाणी काचेला सगळीकडून भिडते.

मग चाखायला बसलो. मी, दाजी, भाचा आणि भाचेसून. कोणता ग्लास कोणता, हे फक्त आक्काला ठाऊक होते. अठ्ठावीस अंशांचा ग्लास नाकाशी नेताच स्पिरिटचा भपकारा आला. त्यामागे फळ होते, पण ते शोधावे लागले, आणि घोट सैल, जड, शेवटी घशाला टोचणारा. आठ अंशांच्या ग्लासात वास जवळपास नव्हता आणि सालीतला तुरटपणा इतका पुढे आला की कच्चे करवंद खाल्ल्यासारखे दात आंबले. सतरा अंशांच्या ग्लासात पिकलेले जांभूळ होते आणि त्याच्या पाठोपाठ अगदी स्पष्ट, ताजे कुटलेले मिरे. हा भास नव्हता. मिऱ्यांना ज्या द्रव्यामुळे वास येतो, तेच द्रव्य शिराझच्या सालीत असते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते ओळखून २००८ मध्ये प्रसिद्ध केले. चौघांनीही मधला ग्लास निवडला, आणि भाचेसुनेला तर तीन वेगवेगळ्या वाईन आहेत, असेच वाटले होते. “मामा, हीच वाईन आम्ही वर्षभर चुकीची पितोय,” असे ती म्हणाली. मला तिच्याइतकेच स्वतःबद्दल वाईट वाटले, कारण सांगलीच्या एप्रिलात छत्तीस अंशांच्या खोलीत उघडलेल्या किती बाटल्यांना मी नावे ठेवली, त्याची गणती नाही.

त्यानंतर उन्हातल्या कपाटातून आणलेली कॅबरने-शिराझ उघडली. बूच किंचित वर सरकलेले होते आणि बाटलीच्या मानेला चिकट ओघळ वाळला होता. उष्णतेने आतली वाईन फुगते आणि बुचाला ढकलते. ही बाटलीही नीट सतरावर आणली होती, तरी ग्लासात उकडलेल्या जांभळाचा, तळाला लागलेल्या मुरांब्याचा वास होता आणि चव सपाट होती. या वाईनचे नाव मी वहीत लिहिले नाही. करणाऱ्याने ती चांगलीच करून पाठवली असेल. चार पैसे वाचवायला माणूस स्वस्त बाटली घेतो, ती अशी निघते, आणि मग ‘आपल्या देशात वाईन होतच नाही’ असे मत घेऊन तो कायमचा निघून जातो.

मटण आक्काने आमच्याकडच्या पद्धतीने केले होते, कांदा-लसूण मसाला, सुके खोबरे आणि तीळ भाजून घातलेला तांबडा रस्सा. सतरा अंशांची शिराझ त्याच्याबरोबर चांगली लागली, पण रश्श्याच्या तिखटाने तिचा तुरटपणा दर घोटाला वाढत गेला. सुक्या मटणाबरोबर मात्र ती अप्रतिम होती. तेल, भाजलेले खोबरे आणि मटणाची चरबी तुरटपणाला गुंडाळून घेते आणि मिऱ्याला मिरे मिळते. तांबड्या रश्श्याबरोबर पहिल्या दिवशीची उरलेली शेनिन मला अधिक रुचली, आणि माझ्या गावच्या लोकांना हे पटवायला मला अवघड जाणार आहे.

रात्री दाजींनी विचारले, “तुमच्या भागात वाईनची द्राक्षं का टिकली नाहीत?” मला ते सांगताना अजूनही जड जाते. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाईन पार्क उभे केले. आमच्या शेजारच्या बागायतदारांनी थॉम्सन हे खायचे द्राक्ष काढून कॅबरने आणि शिराझ ही वाईनची द्राक्षे लावली. २००८ च्या मंदीनंतर मागणी बसली, आणि करार करून गेलेले खरेदीदार हंगामात फिरकले नाहीत. तो आंबट-तुरट, बियांचा बारीक मणी बाजारात खायला कोणी घेत नाही, आणि बियांमुळे त्याचा बेदाणाही खपत नाही. ऑक्टोबर छाटणी घेऊन, भुरी आणि डावणी या रोगांवर फवारण्या करून, कर्जावर वाढवलेले घड वेलीवर सुकले. शेजारच्या काकांनी आपल्या दोन एकर शिराझवर कुऱ्हाड चालवली, त्या दिवशी मी तिथे उभा होतो. हजार रुपयांची बाटली घरोघरी जेवणाबरोबर उघडली जात नाही, तोवर त्या द्राक्षाला कायमचे गिऱ्हाईक मिळणार नाही, असे मला वाटते. म्हणून ही बाटली नीट ठेवली जावी, नीट गार करून प्यायली जावी, याची मला इतकी तळमळ आहे.

पाचवा दिवस, २६ जानेवारी

आज कोरडा दिवस. घरात उघड्या बाटल्या होत्या, तरी आम्ही त्यांना हात लावला नाही. संध्याकाळी दाजी मला वांद्र्याला रनवारमध्ये त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यांकडे घेऊन गेले. हे गृहस्थ ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातले, घरात मराठी बोलतात, आणि त्यांच्या मराठीतले काही शब्द मला आगरी-कोळ्यांच्या बोलीतून ओळखीचे वाटले. त्यांच्याकडे नाताळासाठी बेदाण्याची वाईन करण्याची पद्धत आजीपासून चालत आलेली आहे. आज पिण्याचा प्रश्न नव्हता, पण कृती त्यांनी सविस्तर सांगितली. काळे बेदाणे चिरायचे, साखर, पाणी, थोडे गहू आणि यीस्ट घालून चिनी मातीच्या बरणीत भरायचे, फडके बांधायचे, एकवीस दिवस रोज लाकडी चमच्याने ढवळायचे, मग गाळून पुन्हा मुरत ठेवायचे. रिकामी बरणी त्यांनी मला हातात घेऊ दिली. तिच्या आतल्या भिंतीला इतक्या वर्षांचा वास धरलेला होता, खजुराचा आणि दालचिनीचा. बेदाणा त्यांना नेहमी कुठला मिळतो, असे मी विचारले. “सांगलीचा,” त्या गृहस्थांच्या पत्नी म्हणाल्या. पिशवीतला अर्धा किलो मी त्यांच्यासाठी नेला होता. तो त्यांनी वासावरून ताजा असल्याचे ओळखले.

सहावा दिवस, २७ जानेवारी

परतीची गाडी रात्रीची होती. दुपारच्या जेवणाला आक्काने भरली वांगी, ज्वारीची भाकरी आणि आईची शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि मी सांजोवेसे उघडली. या द्राक्षाचे मूळ घर इटलीतले तोस्काना, पण ही बाटली सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजजवळच्या मळ्यांतून आलेली. तिथल्या मोहिते-पाटलांनी दिल्लीच्या आणि इटलीच्या भावांबरोबर मिळून हा व्यवसाय उभा केला, आणि ‘फ्रातेल्ली’ या इटालियन शब्दाचा अर्थही ‘भाऊ’ असाच आहे. अकलूजचा उन्हाळा मला माहीत आहे, त्यामुळे तिथे इटलीचे द्राक्ष तग धरेल, यावर माझा पूर्वी विश्वास नव्हता.

बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून ती सोळावर आणली होती. रंग शिराझपेक्षा फिका, कोकमाच्या पाण्यासारखा. वासाला सुकवलेले आमसूल, थोडी चिंच, आणि पहिल्या पावसाने भिजलेली माती. अंगाने हलकी आणि आंबटपणाला ताठ, म्हणून भरल्या वांग्यातला गूळ-चिंच, तेल आणि दाण्याचे कूट यांच्यापुढे ती कुठेही दबली नाही. मी वांगे खाल्ले की वाईन गोड लागत होती आणि वाईन प्यायलो की वांग्यातला गोडा मसाला पुन्हा नव्याने जागा होत होता. मांस नसलेल्या जेवणाबरोबर लाल वाईन इतकी जुळलेली मी पहिल्यांदाच अनुभवली. दाजींनी आणि मी बाटली सावकाश, तीन तासांत, अर्धीच संपवली. उरलेली भाच्यासाठी ठेवली आणि ती दोन-तीन दिवसांत संपवावी, असे कागदावर लिहून बाटलीला बांधले. आक्काने या वेळी ग्लास नाकाशी धरून बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाली, “आपल्या रानातल्या विहिरीच्या पायऱ्या आठवल्या,” आणि भाकऱ्यांकडे वळली.

संध्याकाळी स्टेशनवर जाण्यापूर्वी त्या चौथ्या दुकानात पुन्हा गेलो आणि शेनिनची छोटी, ३७५ मिलीलिटरची बाटली घेतली. वडिलांनी आजवर वाईन चाखलेली नाही आणि मी त्यांना कधी विचारलेही नव्हते. पण पहिल्या रात्रीनंतर रोज फोनवर ते काहीतरी विचारत होते. मणी चिरडताना बी फुटते का, काळ्या द्राक्षाचा रस पांढरा असतो तर रंग येतो कुठून, साल किती दिवस रसात ठेवतात. काल ते आपणहून म्हणाले, “येताना एखादी आण. घोटभर बघू.” विक्रेत्याने शीतकपाटातल्या मागच्या रांगेतून बाटली काढून दिली. ती मी ओल्या पंच्यात गुंडाळली, वर वर्तमानपत्राचे चार पदर घेतले आणि पिशवीत कपड्यांच्या मधोमध ठेवली. दादरला गाडीत चढल्यावर पिशवी खिडकीकडे न ठेवता बाकाखाली, आतल्या बाजूला सरकवली. लोणावळ्याच्या पुढे डब्यातली हवा बदलली तसा एकदा उठून पंचा पुन्हा ओला केला.

सांगलीला उतरलो तेव्हा अजून उजाडले नव्हते आणि फलाटावर चांगलाच गारठा होता. पिशवीत हात घालून बाटलीला स्पर्श करून पाहिला. थर्मामीटर काढायची गरज नव्हती, ती हवी तेवढी गार होती.